मोजताना आम्ही कमी, दोष देताना जास्त

प्रति,
पाणीटंचाईच्या अर्जांना उत्तरं लिहिणारे साहेब, आणि त्या उत्तरांवर सही करणारे त्यांचे साहेब यांस

विषय: आपल्या पत्रातली तिसरी आणि चौथी ओळ.
संदर्भ: पाड्याला टँकरची दुसरी खेप मिळावी म्हणून केलेला अर्ज व त्याला आलेलं उत्तर.

महोदय,

कार्यालयाचं आणि तालुक्याचं नाव मी मुद्दाम गाळते आहे. ज्या टेबलावरून हे उत्तर निघालं तिथे उद्या दुसरं कुणी बसेल आणि बहुधा तेही हेच लिहील. ज्यांचं त्यांना कळेल. ठाणे जिल्ह्यातला, सह्याद्रीच्या पायथ्याचा, मुंबईला पाणी देणाऱ्या धरणांच्या शेजारचा पाडा, एवढं पुरे.

वाचणाऱ्यांसाठी त्या दोन ओळी इथे उतरवते. तिसरी ओळ सांगते की लोकसंख्या वाढीमुळे उपलब्ध जलस्रोतांवर ताण आलेला आहे. चौथी सांगते की सबब सन 2011 च्या जनगणनेनुसार मंजूर असलेली एक खेप पुरेशी असून वाढीव खेपेची मागणी मान्य करता येत नाही.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पाण्यावर ताण का, तर माणसं वाढली. टँकर वाढवायचा का नाही, तर माणसं 2011 इतकीच आहेत. दोन ओळींच्या मध्ये फक्त एक ‘सबब’ आहे.

मी कोण, ते सांगते. 1989 ते 2020 मी याच भागात आरोग्य सेविका होते. पाड्यावर मला अजून ‘नर्सबाई’च म्हणतात. लोकसंख्या वाढ हा शब्द तुम्ही मला पत्रातून पाठवलात. मी तो एकतीस वर्षं पायी फिरवला आहे. लाल त्रिकोणाचे फलक माझ्या हाताने भिंतीवर लागले. तांबी, निरोध, गोळ्या, बिनटाक्याचं ऑपरेशन, काय काय समजावलं नाही? 1996 पर्यंत आम्हाला टार्गेट असायचं. मार्च जवळ आला की केसेस मोजायच्या आणि कमी पडल्या की बोलणी खायची, पगारही अडकायचा. शिबिराच्या दिवशी शाळेच्या वर्गात सतरंजीवर बायका ओळीने निजलेल्या असत आणि बाहेर नवरे बिड्या ओढत बसलेले. एवढ्या वर्षांत नसबंदीला स्वतःहून तयार झालेले पुरुष मला हाताच्या बोटांवर मोजता येतील. देशाचं चित्रही काही वेगळं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचा आधार असलेल्या विवाहित स्त्रिया 37.9 टक्के होत्या आणि पुरुष-नसबंदीचं प्रमाण होतं 0.3 टक्के. लोकसंख्या आवरण्याचं राष्ट्रीय कार्य म्हणतात ते बायकांनी आपल्या पोटावर टाके घेऊन केलं आहे.

आणि ते झालं आहे, साहेब. हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या रजिस्टरात पाचव्या-सहाव्या बाळंतपणाच्या नोंदी सर्रास असत. शेवटच्या काही वर्षांत तिसरं बाळंतपण दिसलं तरी मी त्या बाईला शेजारी बसवून विचारायचे, काय गं, काय झालं? राज्याचा आकडाही हेच बोलतो. 1992-93 च्या पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी 2.9 मुलं होती, 2019-21 मध्ये 1.7. लोकसंख्या आहे तेवढी टिकायलासुद्धा 2.1 लागतात. आपण त्याच्या खाली जाऊन बसलो आहोत.

मग पाड्याची माणसं वाढली कशी? वाढली आहेत, नाकारत नाही. 2011 मध्ये चारशेच्या आसपास होती, आज आशाताईच्या वहीत सव्वापाचशे आहेत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या पोरी आता आया झाल्या. प्रत्येकीने दोनांवर थांबायचं ठरवलं तरी आयाच जास्त असल्याने घरं काही काळ वाढत राहणार. शिवाय तेव्हा दगावायची ती बाळं आता जगतात, म्हातारी माणसं जास्त वर्षं काढतात आणि 2020 च्या टाळेबंदीत वीटभट्ट्यांवरून परतलेली काही कुटुंबं इथेच राहिली. जगातही असंच चाललं आहे. 15 नोव्हेंबर 2022 ला पृथ्वीवर 800 कोटी माणसं झाली असं संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं. आणखी साठेक वर्षांनी, 2080 नंतर केव्हातरी, ती 1,030 कोटींच्या आसपास पोचतील आणि मग उतरू लागतील असा त्यांचाच अंदाज आहे. चालत्या बैलगाडीला वेसण ओढली तरी ती चार पावलं पुढे जाऊनच थांबते.

म्हणून कुणी असं समजू नये की लोकसंख्येचा प्रश्नच खोटा आहे असं मी म्हणते. जगातली जवळपास 18 टक्के माणसं भारतात आणि गोडं पाणी 4 टक्क्यांच्या आसपास. 1951 मध्ये देशात माणशी वर्षाला 5,177 घनमीटर पाणी वाट्याला येत होतं, 2011 मध्ये 1,545. माणसं वाढली की भागाकार लहान होणारच, चौथीतल्या पोराला कळतं. पण ही सरासरी आहे. सरासरीच्या हंड्यातून आजवर कुणी पाणी प्यालेलं मी पाहिलेलं नाही. गेल्या शतकात जगाचा पाण्याचा वापर लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त वेगाने वाढला. म्हणजे नुसती तोंडं वाढली नाहीत, काही तोंडांची तहान फार वाढली. तुम्ही तोंडं मोजता. तहान कुणाची किती, हे एकदाही मोजत नाही.

आता तक्रारी सांगते.

पहिली टँकरच्या हिशोबाची. टंचाईत माणशी रोज 20 लिटर हे तुमचंच माप. चारशे माणसं धरली की 8 हजार लिटर, म्हणजे एक खेप. सव्वापाचशेंना साडेदहा हजार लागतात. 8 हजार सव्वापाचशेंत वाटले की माणशी पंधरा लिटर येतात, आणि तेही टँकर भरून आला, वाटेत गळला नाही आणि रोज आला तर. 2021 ची जनगणना झाली नाही, हा काही पाड्याचा गुन्हा नव्हे. आता होते आहे तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तिचे गावनिहाय आकडे तुमच्या टेबलावर येईपर्यंत आणखी उन्हाळे जातील. यावर इलाज नाही असंही नाही. 2019 च्या दुष्काळात 2011 ची लोकसंख्या धरू नका, 2018 ची धरून टँकर द्या, असे आदेश याच राज्यात मुख्यमंत्र्यांनी दिले होते. तेव्हा जमलं ते आता का जमत नाही?

या हिशोबाचा अर्थ कागदावर कळत नाही, म्हणून विहिरीवर काय होतं ते सांगते. टँकर साधारण साडेचारला येतो. त्याचा भोंगा वळणावर ऐकू आला की घराघरातून बायका धावत निघतात. चालक पाइप सरळ विहिरीत सोडतो आणि तळाचा गाळ ढवळून पाणी चहासारखं होतं. ते निवळेपर्यंत थांबायला कुणाला परवडत नाही, कारण थांबणारीला उरत नाही. पंचवीस-तीस दोर एकाच वेळी आत, बादल्या एकमेकींवर आपटतात, दोरांना पीळ बसतो, शिव्या होतात. मी पूर्वी जंतू मारायची टीसीएल पावडर टाकून, पाण्यात क्लोरीन उतरलं का ते पाहणारी ओटी टेस्ट करायचे आणि मगच भरा म्हणायचे. आता सांगून पाहा कुणाला. पाऊण तासात विहीर संपते. मग कमरेला दोर बांधून एक मुलगी आत उतरते आणि खडकाच्या खोबणीत साठलेलं पाणी वाटीने हंड्यात भरते. अंग हलकं म्हणून तीच. परवा ती वर आली तेव्हा दोन्ही गुडघे खरचटलेले होते आणि हंडा अर्धा होता.

ती तेरा वर्षांची आहे. तिचं बाळंतपण मी केलं. 2011 च्या जनगणनेत ती नाही. म्हणजे तुम्ही मंजूर केलेल्या खेपेत तिच्या वाट्याचा एक थेंबही नाही, आणि पाड्याचं उरलंसुरलं पाणी तीच वर काढते.

दुसरी तक्रार धरणांची, आणि ती जरा मोठी आहे. मुंबई वाढली तसतसं तिच्यासाठी पाणी शोधलं गेलं. विहार 1860 चं, तुळशी 1879 चं. शहर आणखी फुगलं तेव्हा 1892 मध्ये तानसा. मग मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा, आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा. दर वेळी धरण थोडं आणखी लांब, थोडं आणखी आमच्या अंगणात. सातही तलाव भरले की 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर पाणी साठतं आणि त्यातला जवळपास निम्मा साठा एकट्या भातसाचा. आता गारगाई धरणाचा प्रस्ताव आहे, रोजच्या 440 दशलक्ष लिटरसाठी. त्याचंही कारण तेच दिलं जातं: लोकसंख्या वाढ.

लक्षात आलं ना? शहराची माणसं वाढली की धरण मिळतं. पाड्याची वाढली की पत्र मिळतं. शब्द तोच. तिथे तो पाणी देण्याचं कारण होतो आणि इथे न देण्याचं.

मुंबईकरांवर माझा राग नाही. माझा धाकटा भाऊ भांडुपला राहतो. आमचं पाणीही शुद्ध व्हायला भांडुपलाच जातं, त्यामुळे दोघांची गाठ तिथे पडते असं आम्ही हसून म्हणतो. त्याच्या चाळीत नळ पहाटे तासभर येतो आणि वहिनी साडेतीनला उठते, तेव्हा शहरातही हंडा कुणाच्या डोक्यावर आहे ते मी पाहिलं आहे. पण ज्या जलवाहिन्यांतून ते पाणी जातं त्या आमच्या रानातून जातात. माणूस आत उभा राहील एवढ्या जाड. एका झडपेतून पाण्याची बारीक फवार उडते. एप्रिल-मेमध्ये तिच्याखाली हंडा धरायला बायकांचा नंबर लागतो. तासाभरात एक हंडा भरतो. पहारेकरी चांगला आहे, तोंड फिरवून उभा राहतो. दुसरा आला तर हाकलेल, आणि त्याच्या नोंदीत ती ‘पाणीचोरी’ होईल.

पाऊस इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. बाहेरच्यांना वाटतं, मग टंचाई कसली? जमिनीखाली काळा पाषाण आहे. पाणी मुरत नाही, धावत खाली जातं आणि धरणात थांबतं. आमच्या विहिरी-झरे फेब्रुवारी-मार्चपर्यंत तग धरतात. जमिनीने आमच्यासाठी साठवायचं ते धरण दुसऱ्यांसाठी साठवतं, एवढा हा सोपा भूगोल आहे. त्यात बाईने दोन मुलं जास्त घातली की कमी, याने विहिरीच्या पातळीत किती बोटांचा फरक पडतो हे मला कुणी मोजून दाखवावं.

तिसरी तक्रार बोअरची. पाड्याच्या वरच्या अंगाला शहरातल्या मंडळींचे सुट्टीचे बंगले झाले. हिरवळ आहे, पोहण्याचा हौद आहे, आणि बोअर किती खोल गेली ते ज्याने मारली त्यालाच ठाऊक. ती झाली त्याच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात आमची विहीर महिनाभर आधी आटली. योगायोग असेल, तपासल्याशिवाय मी ठाम म्हणणार नाही. तपासायचं काम तुमचं. पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून 500 मीटरच्या आत विनापरवाना विहीर किंवा बोअर नको, ही तरतूद राज्याने 1993 च्या कायद्यातच केली आणि 2009 चा भूजल कायदा त्याहून पुढचा आहे. तरी आमच्या अर्जाच्या उत्तरात बोअरचा ‘ब’ नाही. बंगल्यात शनिवार-रविवारी चार माणसं येतात. त्यांची लोकसंख्या वाढलेली नाही, हे खरंच.

चौथी थोडक्यात. 11 जुलैला, जागतिक लोकसंख्या दिनाला, पाड्यावर फलक लावायचे आणि शाळेत निबंध घ्यायचे, असं कळलं. मुलं लिहितीलच, ‘लोकसंख्या वाढ हा भस्मासुर आहे’. निबंधाच्या पुस्तकात तसं असतं. तो निबंध लिहून घरी गेलेलं पोर हंडा घेऊन रांगेत उभं राहील आणि त्याला वाटेल की भस्मासुर तोच. कृपा करून हे करू नका.

या पत्राच्या निमित्ताने एक कबुली द्यायची आहे, कारण ती दिल्याशिवाय मला तुम्हाला बोलण्याचा हक्क नाही. टार्गेटच्या वर्षांत मी बायकांना जे जे आमिष दाखवलं त्यात पाणीही होतं. ‘कुटुंब लहान ठेवा, सरकार सोयी देईल, दारात नळ येईल.’ मला तसं कुणी सांगितलं नव्हतं, मीच म्हणायचे. बाई नुसत्या ‘सुखी कुटुंबा’ला हलत नाही, नळाला हलते. त्यांतली एक परवा विहिरीवर भेटली. दोन मुलींवर ऑपरेशन केलेली, तेही सासूशी भांडून. दोर गुंडाळत म्हणाली, ‘नर्सबाई, माझ्या दोनच आहेत हं.’ एवढंच म्हणाली आणि हंडा डोक्यावर चढवायला मला हात लावायला लावला. तुमचं उत्तर तेव्हा माझ्या पिशवीतच होतं. मी ते तिला वाचून दाखवलं नाही.

मागण्या अशा:

1. टँकरच्या खेपा आशा आणि अंगणवाडीच्या चालू नोंदींवर ठरवाव्यात. ग्रामसेवक आणि आरोग्य सेविकेची सही घ्या, खोटं निघालं तर कारवाई करा. पण 2011 वर बोळवण नको.

2. दुसरी खेप लगेच सुरू करावी आणि टँकर विहिरीत न सोडता टाकीत रिकामा करावा. प्लास्टिकच्या दोन टाक्या, तोट्या आणि एक चौथरा लागेल. मुलगी विहिरीत उतरायची थांबेल.

3. ग्रामीण नळयोजनेचं माणशी 55 लिटरचं वचन 2019 पासून आहे. आमच्या पाड्यासाठी तारीख द्या. ‘प्रस्तावित’ ही तारीख नव्हे.

4. धरणाच्या आणि जलवाहिनीच्या कडेच्या पाड्यांना त्याच पाण्यातून जोडणी मिळावी, असा लेखी प्रस्ताव वरती पाठवावा आणि त्याची प्रत आम्हाला द्यावी. सव्वापाचशे माणसांचे 55 लिटरप्रमाणे दिवसाला 29 हजार लिटर होतात. महानगराला रोज जातात 3,800 दशलक्ष लिटरच्या वर. हिशोब तुम्हीच करा, माझ्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एवढी शून्यं मावत नाहीत.

5. विहिरीच्या 500 मीटरच्या आतल्या सगळ्या बोअरची पाहणी करून ती जाहीर करावी, बंगल्यांच्याही.

6. लोकसंख्येचं काम करायचंच असेल तर पुरुषांसाठी करा. नसबंदीची माहिती त्यांना द्या, ‘अंतरा’ची इंजेक्शनं आणि ‘छाया’च्या गोळ्या, ही बायकांची गर्भनिरोधकं, उपकेंद्रात बारमाही ठेवा. ज्यांना मूल नको आहे त्यांना ते टाळता यावं, एवढं साधं ते काम आहे. मी निवृत्त असले तरी फुकट करून देईन.

7. पत्रातली तिसरी ओळ मागे घ्यावी.

सातवी मागणी तुम्हाला सगळ्यात क्षुल्लक वाटेल, खर्चही काही नाही, आणि बहुधा तीच सगळ्यात शेवटी मान्य होईल. उत्तर टपालाने पाठवलंत तरी चालेल. दुपारी साडेचारला मात्र मी घरी नसते.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका

सोबत: पाड्यातल्या सर्व रहिवाशांची नावनिशीवार यादी, पाने 11. जनगणनेनंतर जन्मलेल्यांच्या नावापुढे तांबड्या शाईने टिंब केलं आहे. तेरा वर्षांच्या त्या मुलीचं नाव पान 4 वर, वरून सहावं.